चेअरमनचं माप शेवटी

यंदा शिमगा होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कडब्याच्या गाड्या आष्टीच्या रस्त्याला लागल्या. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला कडबा, त्यावर आडवा पडून झोपलेला माणूस, मागे खोळंबलेली एसटी. टँकर गळत गेला की डांबरावर एक ओली रेघ राहते. ती वाळायच्या आत चिमण्या तिथे पोचतात. कडा गावाच्या अलीकडे मोकळ्या रानात हिरव्या जाळ्या ताणण्याचं काम चाललं होतं. म्हणजे चारा छावणी पडणार. ते पाहत उभा असताना खिशातला मोबाइल वाजला. बातमी होती: परदेशाशी चाललेली व्यापाराची बोलणी दुधाच्या पदार्थांवरच्या आयात शुल्कापाशी अडली आहेत.

बातमीच्या धंद्यात ही दोन दृश्यं एका पानावर येत नाहीत. कडबा जिल्ह्याच्या पानावर जातो, शुल्क अर्थाच्या पानावर. दोन्ही पानं लावणारी माणसं वेगळी, त्यांच्या चहाच्या वेळाही वेगळ्या. बीड जिल्ह्यात बातमीदारी करताना मी ही वाटणी कितीतरी वर्षं निमूट पाळली. एका उन्हाळ्यात ती मोडली. तेव्हापासून कडब्याच्या गाड्या दिसू लागल्या की मला एका जागी बसवत नाही.

त्या उन्हाळ्यात पाऊस चुकल्याला दुसरं वर्ष होतं. उसाचे फड लवकर संपले, तोडीला गेलेली कुटुंबं वेळेआधीच परतली आणि ज्यांनी हंगामभर ऊस तोडला त्यांनीच आता दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला ऊस आपल्या जनावरांपुढे टाकायला घेतला. कड्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. त्याच्या शिवेवर छावणी होती. जुन्या लुगड्यांची आणि जाळ्यांची सावली, चारा चिरणाऱ्या कुट्टी यंत्राची दिवसभर घरघर, प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. ओलं गोणपाट, उसाची चिपाडं आणि शेण यांचा मिळून एक वास तिथे असे. तो वास अंगरख्याला धरून घरापर्यंत येई. गाई छावणीत म्हटल्यावर बायकाही छावणीत, आणि म्हणून गावातल्या महिला दूध संस्थेनं आपलं टेबल, वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र छावणीच्या फाटकाशी, निंबाखाली आणून मांडलं होतं.

संस्था तीसेक बायकांची. चेअरमन मंदाबाई. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, आवाज न चढवता बोलणारी बाई. तिच्या दोन गाई, त्यांतली एक आटलेली. सचिव शैला, गावातलीच बारावी झालेली सून. संस्था बायकांच्या हातात येण्याआधी फॅट किती लागली ते रांगेकडे पाठ फिरवून उभा असलेला माणूस सांगायचा, दाखवायचा नाही. शैलानं पहिल्याच दिवशी यंत्राचं तोंड रांगेकडे फिरवलं. आकडा आधी दूध घालणारीला दिसे, मग शैलाला. त्या गावात बदल म्हणजे एवढाच झाला होता. तो किती मोठा आहे हे यंत्राच्या मागे उभं राहिल्याशिवाय कळत नसे.

या संस्थेची आणखी एक रीत होती. चेअरमनचं दूध शेवटी मोजायचं. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांचं झाल्यावर. पूर्वी कधीतरी एका चेअरमनचं पातळ दूध सकाळीच आत गेल्याचा संशय आला, भांडण झालं आणि ते मिटताना ही रीत पडली. ती कुठं लिहिलेली नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा मंदाबाई म्हणाली, “लिव्हलेलं आसतं तर खोडता आलं आसतं.”

एका सकाळी दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तालुका संघाचा कागद आणला. शैलानं तो उभ्यानं वाचला. जागतिक बाजारपेठेत दूध पावडरच्या दरात झालेली घसरण आणि संघाकडे शिल्लक राहिलेला साठा लक्षात घेता, संध्याकाळचं संकलन पुढील आदेशापर्यंत बंद राहील. सकाळी प्रत्येक संस्थेकडून ठरवून दिलेले कॅनच स्वीकारले जातील. या संस्थेला चार कॅन.

“परत वाच,” कोंडाबाई म्हणाली. ही रांगेतली सगळ्यांत म्हातारी. सगळ्या तिला माय म्हणत. शैलानं परत वाचलं.

“जागतिक म्हंजी कुटं?” कोंडाबाईनं विचारलं.

“सगळीकडं, माय. समद्या जगात.”

“समद्या जगात कुनी दूध प्यायना का काय?”

“पेत्यात की. पर पावडर लई झालीय.”

“आन् हितं पानी न्हाई,” कोंडाबाई म्हणाली आणि रिकामी चरवी उपडी घालून तिच्यावरच बसली.

संकलन बंद असण्याला दुधाच्या धंद्यात खाडा म्हणतात. पहिल्या संध्याकाळी खाड्याचं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. एरवी उरलेलं दूध कॅनमध्ये भरून विहिरीत सोडत. सकाळपर्यंत ते गार राही. त्या वर्षी विहिरीच्या तळाशी शेवाळाचा वाळलेला पापुद्रा होता. कुणी दही लावलं, कुणी खवा आटवायला घेतला आणि सरपण संपलं म्हणून सोडून दिला. मग कुणीतरी वासरू सोडलं. एकीनं सोडलं तसं दुसरीनं सोडलं. छावणीभर वासरं आयांना ढुशा देत पिऊ लागली. जन्मल्यापासून ज्यांच्या वाट्याला दोन सड आणि तेही अर्धवट आले होते, ती पोट भरल्यावर काय करायचं ते न कळून नुसती उभी राहिली. ती संध्याकाळ छावणीतली सगळ्यांत शांत संध्याकाळ होती. मी ती पाहिली आणि तिची बातमी केली नाही, कारण ती कोणत्या पानाची ते ठरेना.

दुसऱ्या सकाळी चौथा कॅन गळ्यापर्यंत भरला तेव्हा रांगेत फक्त मंदाबाई उरली होती. तिची चरवी तशीच परत गेली.

तेव्हा तिथे कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी शैलाला संस्थेच्या पोटनियमांची आठवण झाली. सलग पंधरा दिवस दूध न घालणारा सभासद अक्रियाशील धरला जाई. अक्रियाशील सभासदाला मत नाही, पद नाही. निवडणूक उन्हाळ्याच्या शेवटी होती. मंदाबाईच्या मागे खुर्चीवर बसायला दुसरी बाई तयार नव्हती. संस्था आपल्याकडे घ्यायला तयार होते ते अण्णा.

अण्णा गावचे मोठे शेतकरी आणि पुढारी. छावणी त्यांच्याच संस्थेनं चालवायला घेतली होती आणि ती चांगली चालवली होती. त्यांचं स्वतःचं खासगी संकलन केंद्र होतं. बायकांची संस्था त्याला जोडून घ्यावी असं त्यांचं फार वर्षांचं म्हणणं होतं. वाईट माणूस नव्हते. सकाळी फेरी मारताना टेबलापाशी थांबत.

“वहिनी, दूध का परत नेताय? माज्याकडं घाला की. कोटा न्हाई, खाडा न्हाई.”

“तुमच्याकडं घातलं तर हितलं माप मोडतंय, आण्णा.”

“मोडू द्या. न्हाईतरी पंदराव्या दिवशी मोडनारच हाय.”

“कितवा दिवस चाललाय ते तुमाला बरं ठावं?”

अण्णा हसले. “मोजावं लागतंय बाबा. तुमी न्हाई मोजत?”

बायकांनी सांगून पाहिलं. एक दिवस पहिलं माप तुझं घेऊ, कोण बघतंय. मंदाबाई म्हणाली, सगळं गाव बघतंय, यंत्राचं तोंड आपणच फिरवलंय. मग बायका म्हणाल्या, प्रत्येकीचं थोडं थोडं कमी घेऊ. त्यावर ती पहिल्यांदाच चिडलेली दिसली. “माज्यापायी कुनाचं माप कमी करायचं न्हाई. जिची एक गाय, तिचं कमी करून माजं घालू व्हय? मंग आण्णांत आन् आपल्यात काय वायलं हाय?” विषय तिथे संपला.

त्याच दिवशी ती माझ्याकडे वळली. “दादा, तुमी पेपरवाले. एवढं इचारून सांगा. चार कॅन ह्ये ठरवलं कुनी?”

प्रश्न साधा होता. बातमीदाराचं कामच ते. मी दुसऱ्या दिवशी निघालो आणि पुढचे काही दिवस नुसता फिरत राहिलो. तालुका संघाच्या व्यवस्थापकानं थंड ताक पाजलं आणि सांगितलं की संघ तरी काय करणार, पावडर करणारा प्रकल्प जेवढं दूध घेतो तेवढंच आपण उचलतो. नगरच्या बाजूला असलेल्या त्या प्रकल्पावर गेलो. गोदामात छतापर्यंत पोती. आत गेल्याबरोबर घशाला गोड कोरड पडली; हवेतच पावडर होती. तिथल्या अधिकाऱ्यानं पोत्यावर हात ठेवून सांगितलं की निर्यातदार उचल करत नाही. निर्यातदार मुंबईत. तो फोनवर भेटला. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाला, भाव मी ठरवत नाही, भाव लिलावात ठरतो. लिलाव कुठं होतो? संगणकावर. त्याला जागा नसते. आणि त्या लिलावात कोण कमी बोली लावतं? तो म्हणाला, “कोणी एक नसतो हो. बाजार असतो.”

पुढचं मी ग्रंथालयात बसून आणि अर्थ पानाच्या सहकाऱ्याला छळून जमवलं. युरोपचं आणि रशियाचं एका तिसऱ्याच देशावरून बिनसलं. रशियानं युरोपच्या चीज-लोण्याला दार बंद केलं. त्याच सुमारास युरोपात कुणी किती दूध काढायचं यावरची जुनी मर्यादा उठली. चीननं पावडरीची खरेदी आवरती घेतली. विकलं न गेलेलं दूध पावडर होऊन जगभर कमी भावात फिरू लागलं, आणि आपल्याकडची पावडर गोदामातच राहिली. प्रत्येक ठिकाणी निर्णय घेणारी माणसं होती, त्यांच्या बैठका होत्या, कागद होते, शिक्के होते. त्यांतल्या एकाही कागदावर चार कॅन असं लिहिलेलं नव्हतं. तरीही चार कॅन झाले होते.

मी परत गेलो तो बारावा दिवस. मंदाबाई आटलेल्या गाईच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होती. मी सगळं क्रमानं सांगितलं. कोंडाबाई शेजारी दाव्याला पीळ देत बसली होती.

“म्हंजी भांडान त्येंचं,” मंदाबाई शेवटी म्हणाली, “आन् खाडा आमच्यात.”

“तसंच.”

“आन् त्येंचं दूध बंद झालं का?”

“नाही. त्यांची सरकारं जास्तीची पावडर विकत घेऊन साठवतायत.”

तिनं फडकं बादलीत पिळलं. ते पाणीही ती परत वापरणार होती. “त्येंच्यात चेअरमनचं माप कवा व्हतं, दादा? आदी का शेवटी?”

मी म्हणालो, “आधी.”

“मंग आसं व्हनारच की,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तपासणी पुरी झाल्यासारखा सूर होता. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

त्या रात्रीच मी दोन बातम्या पाठवल्या. पावडरीच्या साठ्याची बातमी अर्थ पानावर तळाशी आली. छावणीची जिल्हा पानावर आली, वासराच्या छायाचित्रासह. दोन्हींच्या मध्ये सहा पानं होती. वाचकानं ती सहा पानं उलटून दोन बातम्या जोडाव्यात अशी अपेक्षा करणं वाचकावर अन्याय आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, “एकत्र केली तर कुठल्या पानावर घ्यायची?” त्यांचाही नाइलाज खरा होता. संघापासून लिलावापर्यंत सगळ्यांचाच नाइलाज खरा होता. इतक्या खऱ्या नाइलाजांची उतरंड लागून तिच्या तळाशी एक चरवी परत जात होती.

हे लिहितानाही मी दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आलो. गेल्या काही वर्षांत कांद्याची निर्यात बंद झाली, साखरेची झाली, कापसाचे भाव दुसऱ्या गोलार्धातल्या पावसावर चढले-उतरले. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलं की हे ठरवलं कुणी, आणि मी प्रत्येक वेळी एक एक पायरी वर चढत जाऊन शेवटी संगणकाच्या पडद्यापाशी पोचलो. उमापूरच्या बाजारात सरकीच्या ढिगावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं मला सुनावलं होतं, “तुमी नुसतं वर जाऊन येता. खाली काय आनता?” खाली आणण्यासारखं जे थोडं हाती लागलं, ते वरून आलेलं नव्हतं. ते निंबाखालच्या टेबलावरच होतं, आणि मी ते आधी चुकीचं वाचलं.

चौदाव्या सकाळी मी पाचलाच पोचलो. रांग नेहमीची. बायकांच्या पदराला वैरणीची कुसं, वासरं दाव्याला. मी शैलाच्या मागे उभा राहून वही पाहत होतो. आदल्या दिवशीचे आकडे आणि आजचे. पहिली बाई पावशेर कमी. दुसरी पावशेर कमी. तिसरीही. दुष्काळात दूध घटतं, पण ते असं ओळीनं, एकाच मापानं घटत नाही. धंद्याच्या सवयीनं मला पहिला संशय काट्याचा आला. कुणीतरी काटा फिरवलाय. अण्णा टेबलापासून चार पावलांवर उभे होते. आज चौदावा, उद्या पंधरावा, हा हिशेब त्यांनाही माहीत होता. मी शैलाकडे पाहिलं. तिनं वर न पाहता पुढचा आकडा लिहिला. पावशेर कमी.

दहाव्या-बाराव्या बाईनंतर मंदाबाईच्याही ते लक्षात आलं. ती कॅनपाशी उभी राहून झाकणं उघडून देत असे.

“आज समद्यांचंच कमी कसं काय?”

“ऊन केवढं हाय,” एक जण म्हणाली.

“काल न्हवतं व्हय?”

“काल वासरू दाव्याला व्हतं, ताई. आज सोडलं जरा. लई पेलं.”

“माजं बी,” मागची म्हणाली. “आवरंच ना.”

“खाड्यानं सवय लागलीय त्येंना,” तिसरीनं दुजोरा दिला. “चटावलेत निस्ते.”

रांग पुढे सरकत होती. प्रत्येकीचं वासरू त्या सकाळी भुकेलं निघालं होतं. चौथ्या कॅनमध्ये दूध चढत गेलं पण गळ्याच्या बरंच खालीच राहिलं. मंदाबाईच्या हातात झाकण तसंच होतं. तिनं जे करायचं नाही म्हणून बजावलं होतं तेच तिच्यासमोर, तिच्याच संस्थेत, एकमुखानं चाललं होतं, आणि अडवायला एकही जण कबूल होत नव्हती.

शेवटून दुसरी कोंडाबाई. तिनं चरवी ओतली. शैलानं आकडा वाचला. पावशेर कमी.

मंदाबाईनं झाकण टेबलावर ठेवलं. “माय, तुजं कावून कमी?”

“वासरू पेलं,” कोंडाबाई म्हणाली.

“तुजं वासरू शिमग्याला मेलं.”

कुट्टी यंत्र बंद होतं, त्यामुळे गाडीचा आवाज लांबून ऐकू येत होता. कोंडाबाईनं रिकामी चरवी उपडी करून शेवटचा थेंब कॅनमध्ये झटकला.

“मेलं म्हनून काय झालं? त्येला भूक लागत न्हाई व्हय?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि पदरात तोंड घातलं. अण्णांनी टोपी काढून आत पाहिलं, परत घातली आणि पाण्याचा टँकर आला का बघतो म्हणत ते निघून गेले. मग मंदाबाईनं आपली चरवी उचलली. रीतीप्रमाणे शेवटी, सगळ्यांच्या देखत. शैलानं यंत्राचं तोंड नीट तिच्याकडे केलं. आकडा आधी तिला दिसला, मग शैलाला, मग वहीत उतरला.

गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरनं चार कॅन मोजले. चौथ्याचं झाकण दाबून बसवताना काठानं दूध वर आलं आणि एक धार बाहेरून खाली उतरली. कोंडाबाईनं ती बोटानं पुसून घेतली.